चांदचाचा बघून यायचे

वाचकहो, एक विचारतो, रागावू नका. आज सकाळपासून तुम्ही जे जे दुसऱ्याला सांगितलंत, त्यातलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं किती होतं?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या गावच्या एका पिंजाऱ्याचा आहे. तो आता मेला. त्याचं ऐकणारं गाव त्याच्या आधीच मेलं होतं. तो प्रश्न कुणीतरी पुढे न्यायला हवा, म्हणून हे लिहितो.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. परतूरच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीने यावं लागतं, आठवड्याला बाजार भरतो, पाण्यापेक्षा कापूस जास्त पिकतो, एवढं पुरे. आणीबाणीच्या त्या पावणेदोन वर्षांत अशी गावं पुष्कळ होती.

शेख चांद हे त्यांचं नाव. सगळ्या गावाचे चांदचाचा. पुरुषभर लांबीचं पिंजण खांद्यावर, हातात ते वाजवायचा लाकडी ठोकळा, आणि भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर कापसाचा भुगा. त्यामुळे ते तिशीतही म्हातारे दिसायचे आणि पन्नाशीतही तेवढेच म्हातारे दिसले. गल्लीच्या तोंडाशी आले की ठोकळ्याने पिंजणाची तात, म्हणजे आतड्याची ताणलेली दोरी, छेडायचे. तुंऽऽय, तुंऽऽय. बाया जुन्या गाद्या, लेप म्हणजे रजया घेऊन बाहेर यायच्या. माणसं जमली की चाचा पिंजण जमिनीला टेकवून गावाच्या बातम्या सांगायचे. कुणाची म्हैस चुकली, कुठल्या विहिरीला पाणी राहिलं नाही, रेशनला काय आलं. प्रत्येक बातमीच्या शेवटी एकच वाक्य, मान वर करून, ठणठणीत आवाजात: "देखको आया मैं!"

पिंजारी दवंडी कशी देऊ लागला, याची गोष्ट आमच्याच घरातली. दवंडीचं काम माझ्या आजोबांचं होतं. काम कसलं, गावकीने गळ्यात बांधलेली हलगी. छप्पन साली आबांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन आधी ती हलगी फोडली. चामडं एकीकडे, कडं एकीकडे. त्यानंतर गाव काही दिवस मुकं झालं. पाटलाचा निरोप कोण ओरडणार? तेव्हा तरुण असलेले चांदचाचा पिंजण घेऊन गल्लोगल्ली फिरतातच, म्हणून लोक त्यांना सांगू लागले, "जाता जाता एवढं सांग रे." चाचा आधी आबांकडे आले. ओट्याखाली उभे राहिले. आबा म्हणाले, "वर ये. आता खाली उभं राहायची चाल बंद झाली या घरात."

"आबा, तुमचं काम हाय. मी करू का?"

"माझं न्हवतं रे ते. पाटील बोलंल ते मी ओरडायचो. खोटं असलं तरी माझ्याच तोंडानं. तुला करायचं तर कर, पण दुसऱ्याच्या तोंडचं बोलू नको. सोताच्या डोळ्याचं बोल."

चाचांनी ते वाक्य कलम्यासारखं धरलं. म्हैस चुकली म्हणून कुणी आला तर आधी त्याच्या गोठ्यात जायचे, रिकामा खुंटा बघायचे, मग पिंजण उचलायचे. एकदा जुन्या जालन्यातला एक कापडवाला बाजारात पाल ठोकून बसला. त्याने चाचांना लुगड्यांची दवंडी द्यायला सांगितलं, "पक्का रंग म्हणून सांग." चाचांनी एक लुगडं मागून घेतलं आणि सरळ गुरांच्या हाळावर नेऊन बुचकळलं. पाणी जांभळं झालं. गुरांनीही तोंड फिरवलं. मग चाचांनी ते दोन्ही हातांनी ताणून बघितलं; सूत सुटलं नाही. चाचा परत आले, तुंऽऽय केलं आणि ओरडले, "सस्ता कपडा! रंग जातो, पन लुगडं टिकतं! देखको आया मैं!" कापडवाला मारायला धावला. संध्याकाळी मात्र त्याचा सगळा माल संपला होता. जांभळ्या पाण्याची गोष्ट ऐकून बाया हसत हसत आल्या आणि स्वस्त म्हणून घेऊनही गेल्या. खरं ऐकलेल्या माणसाला स्वतःचा सौदा स्वतः करता येतो, हे मला पुढे शेकडो पत्रकं वाचून कळलं. तिथे ते एका हाळावर घडलं होतं.

आणि रंभाजीतात्यांची गोष्ट तर गावात अजून सांगतात. तात्या गेले म्हणून घरात रडारड झाली. मुलगा चाचांकडे आला, "चाचा, सांगा गावात, सरण रचायला माणसं पाठवा." चाचा आधी घरात गेले. तात्यांच्या पायाशी बसले. बराच वेळ बसले. मुलगा चिडला, "काय बघून राह्यले? मेलेल्या मानसात काय बघायचं?" चाचांनी कुडत्यावरचा कापसाचा एक धागा काढला आणि तात्यांच्या नाकाशी धरला. धागा हलला. "अभी टाइम है," असं म्हणून चाचा उठले आणि गाद्या पिंजायला गेले. तात्या त्यानंतर पुढची दिवाळी जेवले. कुणी भेटलं की पोराकडे बोट दाखवून म्हणायचे, "यानं मला जाळलंच होतं. चांद आडवा आला."

असा माणूस. गाव त्याच्या शब्दावर चालायचं, यात अतिशयोक्ती नाही. कागद आमच्या घरात होते. वडिलांनी वाचनालयासाठी जमवलेली चळवळीची पत्रकं भिंतीला छतापर्यंत लागलेली होती. मी त्यांच्यातच अक्षरं शिकलो. पण पत्रक वाचून गावातलं कुणी कधी एक पाऊल हललेलं मी पाहिलं नाही. चाचांची तात वाजली की मात्र माणूस जेवणावरून उठायचा.

आता भाऊसाहेबांकडे येतो. त्यांचंही खरं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तालुक्याच्या राजकारणात त्यांचं वजन होतं आणि बोलण्यात गोडवा होता. बाईला आई म्हणायचं, म्हाताऱ्याच्या पायाला हात लावायचा, वारं कुठलं वाहतं ते धोतराचा सोगा वर धरून ओळखायचं. आणीबाणी आली. वारं कुटुंबनियोजनाचं होतं. भाऊसाहेब बाजारात ओट्यावर चढले आणि म्हणाले, देश बुडतोय तो गरिबांच्या पोरांनी. जितकी तोंडं जास्त, तितकी भाकर कमी.

गर्दीत चाचा पिंजण टेकवून उभे होते. त्यांनी हात वर केला. "भाऊसाब, तुम्ही घरात कितवे?"

"सातवा," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले.

"मंग सहावर थांबले असते तर आज भाषण कोन दिलं असतं?"

बाजार खदखदून हसला. भाऊसाहेबही हसले. पण मी पुढे उभा होतो आणि त्यांचे डोळे मी बघितले. ते हसत नव्हते.

हसण्यापलीकडे चाचांचा त्या कामाला विरोध नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण नंतर त्यांच्याविषयी दोन्हीकडून खोटं बोललं गेलं. त्यांना पाच मुलं होती. बायकोची तब्येत शेवटच्या बाळंतपणात ढासळली होती. शाळेत नसबंदीचं शिबिर भरणार, त्याची दवंडी दे, असं भाऊसाहेबांनी सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "देखल्याबिगर न्हाई." आणि ते शाळेत जाऊन बसले. डॉक्टर वयस्कर होता, शांत होता. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, मुलं किती, बायकोला सांगितलंस का? दोघा पोरसवद्यांना त्याने "घरी जा, आधी संसार करा" म्हणून परत पाठवलं. चाचांनी हे सगळं बघितलं. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी ते उठले, सदरा काढला आणि स्वतः टेबलावर जाऊन झोपले.

मोहल्ल्यात चाचीने आकाशपाताळ एक केलं. "मेरेकू पूछे नै, गावकू बताने चले!" मशिदीतले दोघेतिघे बोलायचे बंद झाले. चाचा चार दिवसांनी, पाय जरा फाकवून चालत, बाजारात आले. तुंऽऽय. "डॉक्टर अच्छा हाय. जबरदस्ती न्हाई. नको म्हनलं तर घरी जाऊ देतात. देखको आया मैं!" आणि थांबून, गालातल्या गालात: "करको बी आया मैं!"

त्या दिवशी बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बऱ्याच घरांतली माणसं मग आपल्या पायांनी गेली आणि आपल्या पायांनी आली. कुणाचं काही बिघडलं नाही. जे घडलं ते चाचांनी सांगितलं होतं आणि सांगितलं तेच घडलं.

आता पुढचं लिहितो.

काही महिन्यांनी दुसरं शिबिर आलं. दरम्यान वरून कोटा आला होता. माणसांना आता "केस" म्हणत. केसेस कमी पडल्या तर मास्तरचा पगार अडे, ग्रामसेवकाची बदली होई, आणि भाऊसाहेबांचं वरचं वजन घटे. ते स्वतः चाचांच्या अंगणात आले. चाचा लग्नाच्या गाद्या पिंजत बसले होते, भोवती कापसाचा ढीग. मी तिथेच होतो. आईने लेप आणायला पाठवलं होतं.

"चांद, परवा बाजारला शिबिर हाय. दवंडी दे."

"देखको येतो, मंग देतो."

"अरे काय बघतो? तोच डॉक्टर, तीच शाळा, तेच टेबल. लग्न झाल्यावर बायको रोज नव्यानं बघायला जातो का?"

अंगणातले सगळे हसले. चाचाही हसले. हातातलं काम संपत आलं होतं, लग्न तोंडावर होतं. ते उठले, अंगावरचा कापूस झटकला, पिंजण घेतलं. त्यांना वाटलं, हे तर आपण बघितलेलंच आहे. बघितलेलं एक दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी ते ऐकीव होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गल्लोगल्ली दवंडी झाली. जबरदस्ती न्हाई. नको म्हनलं तर घरी जाऊ देतात. आणि सवयीने, तोंडातून आपोआप: "देखको आया मैं."

आमच्या वस्तीत गयाबाई राहायची. नवरा लवकर गेलेला. किसन हा एकुलता मुलगा, जिनिंगवर मजुरी करायचा, बावीस-तेवीसचा. तीर्थपुरीची सून आणून तिला वर्षही झालं नव्हतं. गयाबाईची घाई अशी की तिने जुन्या गादीतला कापूस काढून चाचांकडे आधीच दिला होता. "पिंजून ठेव चांदभाई. बाळाची दुलई शिवायची."

"बाळ हाय कुठं, गयाबाय?"

"येईल की! थंडीत आलं तर काय तुझ्या कुडत्यात गुंडाळू?"

बाजाराच्या दिवशी किसन शेजारच्या वयस्कर माणसाबरोबर शाळेकडे निघाला. त्या माणसाला सहा मुलं होती, त्याला शिबिरात जायचं होतं आणि एकट्याला भीती वाटत होती. गयाबाई म्हणाली, तू कशाला जातो? किसन म्हणाला, "चाचा बघून आलाय म्हने. भीती कसली? सोडून येतो."

शाळेत टेबल नव्हतं. म्हातारा डॉक्टर नव्हता. शाळेमागे ट्रक उभा होता. हे मी स्वतः बघितलं आहे. आत गेलेल्या माणसांना मागच्या दाराने ट्रकमध्ये चढवत होते. जागा उरली म्हणून बाजारातून आणखी माणसं धरून आणली. किसन ओरडत होता, "मला लेकरू न्हाई वो, मला लेकरू न्हाई!" त्याच्या शेजारी सायकल दुरुस्तीवाला रशीद होता, त्याचं तर लग्नच व्हायचं होतं. ट्रकच्या फळीला दोघांचे हात शेजारी शेजारी होते, हे माझ्या बाजूला उभ्या चाचांनीही बघितलं. ट्रक गेला. धूळ बसली. बाजारात मिरच्यांचा भाव पुन्हा ऐकू येऊ लागला. ते मी आयुष्यात विसरणार नाही.

दूरच्या कुठल्याशा शिबिरात काय झालं, ते मी बघितलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. किसन तिसऱ्या दिवशी चालत आला. तो नुसता भिंतीकडे तोंड करून निजला. पंधरा दिवसांत तीर्थपुरीहून सासरा आला, लेकीला घेऊन गेला. जाताना ती मुलगी रडत होती आणि सासराही रडत होता; वाईट माणूस नव्हता तो. पोरं गल्लीत किसनला टोमणे मारू लागली. एका सकाळी तो परतूरला जातो म्हणून निघाला. स्टेशनावर कुणीतरी त्याला बघितलं म्हणतात. मी बघितलेलं नाही. तो परत आला नाही.

गयाबाई चाचांच्या अंगणात गेली ती शिव्या द्यायला, असं आम्हाला वाटलं. आम्ही मागे गेलो. ती उंबऱ्याशी बसली. चाचा उभे होते. ती म्हणाली, "माझा कापूस दे चांदभाई. पिंजला नसशील तर पिंजू नको."

चाचांनी आतून गाठोडं आणलं. पिंजलेलं नव्हतं. ते त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं. गयाबाई गाठोडं घेऊन उठली. वळून एकच म्हणाली, "तुझ्या आवाजावर गेल्ता तो."

पुढच्या बाजाराला चाचा नेहमीच्या जागी उभे राहिले. त्या दिवसांत कुणी तोंड उघडत नव्हतं. आमच्या घरातली पत्रकं आईने चुलीत घातली होती. भिंत उघडी पडली होती. माझ्यासारखे मोठमोठे शब्द पाठ असलेले सगळे खाली बघून चालत होते. तात वाजली. लोक जमले.

"पिछले शिबिरकू मी बोललो, देखको आया मैं. झूट था! मी देखलं न्हवतं. ना देखता बोललो. आता जे देखलं ते सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. ट्रक, मागचं दार, किसन, रशीद. दवंडीच्या त्याच आवाजात, त्याच चालीवर, जणू म्हैस चुकल्याची बातमी. "जबरदस्ती हाय! नको म्हनलं तरी नेतात! घरी ऱ्हावा! देखको आया मैं!" तीन गल्ल्या झाल्या. चौथ्या गल्लीत पोलिसांनी त्यांना धरलं. पिंजण तिथेच पडलं. शांतता बिघडवली म्हणून त्यांना नेलं, आणि आणीबाणी सरेपर्यंत ते आत होते.

माझी पत्रकं जळाली. त्यांची दवंडी मात्र कुणाला जाळता आली नाही. त्यानंतरच्या शिबिराला आमच्या गावातून एकही माणूस गेला नाही. बाजारच भरला नाही. माणसं शेतात लपली.

गोष्ट इथे संपली असती तर मी त्यांना हुतात्मा म्हणून मोकळा झालो असतो. पण निवडणूक आली आणि वारं फिरलं. भाऊसाहेबांनी सोगा धरून बघितला आणि एका रात्रीत पक्ष बदलला. ज्या चाचांना धरून नेलं, ते सुटून आले तेव्हा वेशीत हार घेऊन भाऊसाहेबच उभे! "हा बघा जुलमाचा साक्षी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत ट्रकमध्ये गेलेलेही होते, हे मी बघितलं.

भाऊसाहेबांना आता डोकी मोजायची नवी रीत सापडली होती. हिंदूंच्या वरच्या आळीत ते सांगायचे, "आपलीच माणसं कापली. त्यांना हात लावला न्हाई. वीस वर्सांनी तेच जास्त होतील, मंग बघा." तेच भाऊसाहेब मोहल्ल्यात येऊन हात जोडायचे, "तुमचीच नस कापली भाई. तुमची कौम मिटवायला निघाले होते." एकाच संध्याकाळी, एकाच जीपमधून. दोन्हीकडे माणसांच्या जखमा खऱ्या होत्या, म्हणून दोन्हीकडे खोटं खपत होतं.

मोहल्ल्यातल्या सभेत त्यांनी चाचांना ओट्यावर चढवलं. "बोल चांद, तुझ्यावर काय गुजरली ते बोल." चाचा म्हणाले, "मैं तो मेरी खुशीसे गया था. मेरेकू कुनी ओढलं न्हाई. ट्रकमें ओढलं त्यात रशीद था, किसन बी था. दोनोंके हात एकच फळीकू थे. मोजायचं तर दोघांकू मोजो. और ट्रक कोन बुलाया था, ते भाऊसाबकू पुछो." दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत जाऊन त्यांनी शब्दही न बदलता तेच सांगितलं.

याचं फळ त्यांना दोन्हीकडून मिळालं. मोहल्ल्यात म्हणाले, सरकारचा माणूस, म्हणून तर आधी स्वतः कापून घेतली. वरच्या आळीत म्हणाले, त्यांचाच तो, त्यांची बाजू घेणारच. ज्या गावाने एका म्हाताऱ्याच्या नाकाशी धरलेल्या कापसाच्या धाग्यावर विश्वास ठेवला होता, त्याला आता डोळ्यांदेखतचा ट्रक आठवेना. आपली बाजू दुखावणारं खरं कुणालाच नको होतं. हळूहळू गाद्या पिंजायला येईनाशा झाल्या. चाचा गल्लीत शिरले की दारं लागत. भाऊसाहेबांनी जालन्याहून कर्णा लावलेली जीप आणली. ती गल्लीतून जाऊ लागली की तातेचा आवाज चाचांना स्वतःलाही ऐकू यायचा नाही. तरी ते वाजवायचे. मी एकदा चिडून म्हणालो, "चाचा, कशासाठी? कोण ऐकतंय?"

"कोई नै. पन मैं बंद किया तो उसकू लगेगा के वोच सच है."

भाऊसाहेब भरघोस मतांनी निवडून आले.

त्या हिवाळ्यात चाचांनी अंथरूण धरलं. सगळा जन्म कापसाचा भुगा छातीत गेलेला; खोकला थांबेना. मी रोज जायचो. एका दुपारी गयाबाई आली. बगलेत तेच गाठोडं. ती बाजेशी खाली बसली.

"माफी द्यायला न्हाई आले चांदभाई. ती होत न्हाई माझ्यानं."

"हौ," चाचा म्हणाले. "नक्को."

"पन गावात सगळेच खोटं बोलून राह्यले. माझ्या किसनच्या नावानं मतं मागून गेले. त्याला बघितलेलं खरं बोलनारा तू एकटा. मंग मी कुनाकडं येऊ?" तिने गाठोडं बाजेवर ठेवलं. "हे पिंज. गठुळ्या झाल्यात त्याच्या."

चाचांना उठवत नव्हतं. मी पाठीला टेकू दिला. त्यांनी पिंजण मांडीवर घेतलं आणि दोनचार वेळा तात छेडली. मूठभर कापूस फुलला. मग खोकल्याची उबळ आली आणि ठोकळा हातातून सुटला. उरलेला कापूस तसाच राहिला. गयाबाईने तो गोळा करून त्यांच्या डोक्याखाली सारला आणि निघून गेली.

पुढच्या सकाळी गल्लीत जीपचा आवाज आला. कर्णा खरखरला: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, जुलमाविरुद्ध झगडणारे आपल्या गावचे शेख चांद यांचे निधन झाले आहे. भाऊसाहेबांनी तीव्र शोक व्यक्त केला आहे." चाचा बाजेवर जागे होते. माझ्याकडे बघत होते. चाची किंचाळत दाराकडे धावली. चाचांना हसू आलं. हसता हसता जीव कासावीस झाला. श्वास जुळल्यावर ते म्हणाले, "देखने बी नै आया कोई?"

मी धावत बाहेर गेलो. जीप पुढच्या गल्लीत गेली होती. मी तिच्यामागे ओरडत धावलो, "जिवंत आहेत! मी बघितलंय! जिवंत आहेत!" माणसं दारात उभी होती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, जशी वेड लागलेल्याला बघून हलवतात. कर्ण्यावरून सांगितलं होतं ना! काहीजण तर डोक्यावर टोपी घालून निघालेही होते. एकानेही आत येऊन बघितलं नाही. ते सरळ कबरस्तानाच्या रस्त्याला वळून उभे राहिले.

चाचा दुसऱ्या दिवशी गेले. या वेळी मी कापसाचा धागा नाकाशी धरला होता. तो हलला नाही. दवंडी मात्र कुणी दिली नाही. गावाच्या लेखी ती आदल्या दिवशीच झाली होती. दफनाला आम्ही मोजकेच होतो. गयाबाई दूर बाभळीखाली उभी राहिली, मूठमाती पडेपर्यंत.

म्हणून, वाचकहो, ज्या प्रश्नाने सुरुवात केली तिथेच परत येतो, आता मागणी घेऊन. उद्या तुमच्याही गल्लीत जीप येईल. कर्ण्यावरून कुणीतरी सांगेल की अमके फार वाढलेत, तमके कमी होत चाललेत, तुमच्या ताटातलं कुणीतरी खातंय. तो आवाज गोड असेल आणि तुमची एखादी खरी जखम त्याला ठाऊक असेल. तेव्हा एवढंच करा. जीपपुढे उभे राहा, तिला थांबायला लावा, कर्णा बंद करायला सांगा आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून चांदचाचांचा प्रश्न विचारा: "देखको आया क्या?"

त्याने उत्तर काहीही दिलं तरी तेवढ्यावर थांबू नका. चपला घाला आणि स्वतः जाऊन बघा. परवा बघितलं असेल तरी आज पुन्हा जा.